पतंगांचं पान, नोंद ९: ४७ पिक्सेलचा चोर

चोर सापडला. आणि तो फोटोत नव्हताच.

हे माझं पतंगांचं वेबपान: उडवायचे पतंग नव्हेत, पंखांचे कीटक. प्रत्येकाला एक कार्ड, त्यात फोटो आणि टिपण. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की फ्लोटला (फोटो एका बाजूला सारून मजकूर शेजारून वाहू देणारा सीएसएसचा, म्हणजे पानाच्या मांडणीच्या भाषेचा, जुना नियम) रामराम ठोकला, सगळी कार्डं ग्रिडवर (उभ्या-आडव्या रकान्यांच्या मांडणीवर) नेली, आता फक्त रंगरंगोटी उरली. चार दिवसही झाले नाहीत तोच पान मोबाइलवर उघडलं, तर बोट लागताच ते डावी-उजवीकडे झुलायला लागलं. स्क्रीन ३६० पिक्सेलचा, दोन्ही कडांना १६-१६ चं पॅडिंग (आतली मोकळी जागा), म्हणजे कॉलम ३२८ चा हवा. डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधलं तपासणीचं साधन, दाखवत होतं ३७५. ३८ कार्डं, ३८ फोटो, आणि झाडून सगळे ४७ पिक्सेल जास्त रुंद. सगळे एकाच मापाने वाढलेत म्हणजे दोष फोटोंच्या सामाईक नियमात, असं मी धरून चाललो. इथेच फसलो.

पुढच्या दोन संध्याकाळी फोटोंची उलटतपासणी करण्यात गेल्या. विड्थ १०० टक्के, मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो, सगळं जागच्या जागी. ब्राउझर फिगरला (फोटोभोवतीच्या चौकटीला) आपणहून डावी-उजवीकडे ४० पिक्सेलचं मार्जिन देतो, ते मी कधीच शून्य केलं होतं. तरी पुन्हा पाहिलं. बॉक्स-सायझिंग (रुंदीत पॅडिंग धरायचं की नाही) पाहिलं. मूळ फोटो काढून ३०० पिक्सेलचे बारके फोटो टाकले. तेही ताणले जाऊन ३७५ चे झाले. मग आपलं नेहमीचं हत्यार काढलं: सगळ्या घटकांना लाल आउटलाइन. (नव्या मंडळींसाठी: बॉर्डर नको, आउटलाइनच. बॉर्डर जागा खाते, मग मापं बदलतात आणि तुम्ही स्वतःच निर्माण केलेल्या दोषाचा पाठलाग करत बसता. माझं होऊन गेलंय.) लाल रेघांनी एवढंच सांगितलं, की सगळंच रुंद आहे. ते मला ठाऊक होतं.

मधे एकदा मोह झालाच. बाहेरच्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स हिडन, म्हणजे आडवं बाहेर येईल ते लपव. झुलणं थांबलं, फोटोंची उजवी कड कापली गेली, आणि वरती चिकटून राहणारी अनुक्रमणिकेची पट्टी चिकटायची बंद झाली, कारण स्टिकी घटक आता त्या डब्याच्या हिशोबाने चिकटायला बघत होता. दहा मिनिटांत ती ओळ काढली.

तिसऱ्या दिवशी सुचलं ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं: सगळे फोटो डिस्प्ले नन, म्हणजे पानातून गायब. पान तरीही ३७५ वर ठाम. म्हणजे दोन संध्याकाळी मी निरपराध माणसाला चौकीत बसवून ठेवलं होतं.

मग कार्डं अर्धी अर्धी करत गेलो. १ ते १९ काढली, तरी कॉलम ३७५. ती परत ठेवून २० ते ३८ काढली, तर कॉलम ३४१. दोन्ही अर्ध्यांत दोष, पण वेगवेगळ्या मापाचा! त्या रात्री लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

गाठ सुटायला लागली ती फायरफॉक्सच्या ग्रिड ओव्हरलेने. हे मी आधीही म्हणालोय आणि पुन्हा म्हणतो, ग्रिडच्या रेघा दाखवण्यात फायरफॉक्सचा हात धरणारं कोणी नाही. कॉलमाची उजवी रेघ स्क्रीनच्या बाहेर गेलेली स्वच्छ दिसली. फोटो कॉलमाबाहेर गेलेच नव्हते, कॉलमच फुगला होता. फोटो बिचारे इमानदार: १०० टक्के म्हणजे कॉलमाचे १०० टक्के. कॉलमच ३७५ चा झाला तर ते तरी काय करणार?

कॉलम का फुगतो, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत असेल, मीही कुठेतरी वाचलेलं होतं, पण चटका बसल्याशिवाय असल्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत. आपण लिहितो ‘१ एफआर’, म्हणजे मोकळ्या जागेचा एक वाटा. ब्राउझर वाचतो ‘मिनमॅक्स, कमीत कमी ऑटो, जास्तीत जास्त १ एफआर’. त्या ऑटोचा अर्थ असा, की आतल्या मजकुरातला न तुटणारा सगळ्यात लांब तुकडा मावेल इतका तरी कॉलम रुंद ठेवायचाच. मोबाइलवर माझा एकच कॉलम, म्हणून एका कार्डातला एक लांब तुकडा अडतिसांना ओढून नेतो. फ्लेक्समध्येही (मांडणीची आणखी एक पद्धत) हेच दुखणं मिन-विड्थ ऑटोच्या रूपाने असतं, तिथे मिन-विड्थ शून्य करायची. ग्रिडमध्ये कमीत कमीच्या जागी ऑटो काढून शून्य लिहायचं.

लिहिलं. ३२८. झुलणं बंद. चहा केला आणि या नोंदीचा पहिला मसुदा लिहायला घेतला. त्याचं शीर्षक होतं ‘एका शून्याने वाचवलं’.

सकाळी पान वाचायला घेतलं, नुसतं बघायला नव्हे, आणि २३ व्या कार्डात ‘पंखां’ एका ओळीत, ‘वरचे’ दुसऱ्या ओळीत. जोडचिन्ह नाही, काही नाही, शब्द मधेच कापलेला. खाली आणखी तसेच दोन. ३१ मध्येही. आणि गंमत अशी, की कापलेला शब्द मुळीच लांब नव्हता; पुढच्या ओळीवर आख्खा बसला असता.

शब्द कापणारं कलम मीच आणलेलं होतं. ग्रिडवर जाताना नवी रीसेट फाइल (ब्राउझरचे आपणहूनचे नियम बदलणारी) घातली होती, तीत ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड, म्हणजे मावत नसेल तर शब्द मधेच तोड, आयतंच होतं. काल रात्रीपर्यंत ते गप्प कसं बसलं? कारण ब्रेक-वर्ड कॉलमाची किमान रुंदी ठरवताना हिशोबात धरत नाहीत. आधी तुकडा मोजला जातो, त्याच्या मापाने कॉलम फुगतो, आणि मग कापायची वेळच येत नाही. त्याच्या जागी एनीवेअर असतं तर ते किमान रुंदीतही धरलं गेलं असतं आणि कॉलम मुळात फुगलाच नसता, नुसते शब्द कापलेले दिसले असते. म्हणजे माझ्या शून्याने आजार बरा केला नव्हता, सूज उतरवली होती.

पण मग मूळ प्रश्न उरतोच. साधा मराठी परिच्छेद, मधे स्पेस आहेत, डोळ्यांना दिसताहेत. ब्राउझर तिथे ओळ का तोडत नाही?

इथे क्रोमला मान द्यावा लागेल. फायरफॉक्सची इतकी आरती केल्यावर ते जरा जड जातंय. क्रोमच्या एलिमेंट्स पॅनेलमध्ये तो परिच्छेद उघडला आणि शब्दांच्या मधे ‘एनबीएसपी’, ‘एनबीएसपी’, ‘एनबीएसपी’. नॉन-ब्रेकिंग स्पेस. दिसायला स्पेस, वागायला फेव्हिकॉल. सात शब्द एकमेकांना चिकटून ३७५ पिक्सेलचा एक महाशब्द झालेला. लॅपटॉपवर तो आरामात मावतो, फार तर उजवी कड थोडी खडबडीत दिसते, म्हणून महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

ते आले कुठून? काही टिपणं मी आधी एका ऑनलाइन एडिटरमध्ये लिहायचो आणि तिथून उचलून चिकटवायचो. मला पूर्णविरामानंतर, आणि खरं सांगायचं तर कुठेही, दोनदा स्पेस दाबायची खोड आहे. एचटीएमएल लागोपाठच्या स्पेस एकच धरतं, म्हणून असे एडिटर दुसरी स्पेस टिकवायला एनबीएसपी घुसवतात. नंतर मी जोडस्पेस हाताने निवडून एकेक पुसली, आणि दोघांतली नेमकी साधी पुसली, चिकट ठेवली. ९, २३ आणि ३१ ही तीनच कार्डं त्या काळातली.

९, २३, ३१. आकडे ओळखीचे वाटले म्हणून नोंद ७ काढून वाचली. तिथे मी तक्रार केली होती, की तीन कार्डांत मजकूर फोटोशेजारी न बसता खाली उडी मारतो आणि फोटोच्या उजवीकडे पांढरा खड्डा पडतो. कार्डं तीच! फ्लोटशेजारच्या जागेत पहिला तुकडा मावला नाही की ओळ फ्लोटच्या खाली सरकते, हा त्याचा साधा नियम. माझा ‘पहिला शब्द’ सात शब्दांचा होता, म्हणून तो सरकत होता. मी मात्र ‘फ्लोटचा जमाना संपला’ असं लिहून आख्खं पान ग्रिडवर नेलं. फ्लोटभाऊ, माफी असावी. १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासून काम करतोय बिचारा, त्यावर मी खोटा आळ घेतला.

आता सफाई. हा भाग लवकर उरकेल असं वाटलं होतं. छोटी स्क्रिप्ट लिहिली: एनबीएसपी दिसला की साधी स्पेस. आणि हात मोकळेच आहेत तर म्हटलं, बाकीची न दिसणारी अक्षरंही उडवून टाकू, शून्य रुंदीचं जे काही असेल ते. चालवली. तिन्ही कार्डं सरळ झाली. मग नजर मथळ्यावर गेली: ‘दुसर्या पंखजोडीवरचे डोळे’.

दुसर्या! ‘कोपऱ्यात’चं ‘कोपर्यात’, ‘तपकिरी किनाऱ्या’चं ‘तपकिरी किनार्या’. झालं असं, की माझा कीबोर्ड ‘ऱ्या’ टाकताना साधा र, हलन्त आणि मागे झिरो विड्थ जॉइनर देतो. तो अदृश्य जॉइनर काढला की आडवा र जातो आणि य वर रफार चढतो. ज्यांचे कीबोर्ड नुक्त्याचा ऱ देतात त्यांना हा त्रास नाही. मी उत्साहाच्या भरात ३८ कार्डांतले सगळे जॉइनर पुसले होते. गिट (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) होतं म्हणून निभावलं. न दिसणाऱ्या अक्षरांना सरसकट झाडू मारणारी जी तयार साधनं मिळतात, ती मराठी मजकुरावर चालवायच्या आधी ‘दुसऱ्या’ शब्दावर चालवून बघा.

दुसऱ्या फेरीत जॉइनरला हात लावला नाही. तरी आणखी एक निघालंच: ‘६२ मिमी’मधला ६२ ओळीच्या शेवटी आणि मिमी खाली. तिथला एनबीएसपी मी मुद्दाम टाकलेला होता. म्हणून आता नियम असा: आधी आकडा असेल तर एनबीएसपी राहू द्या, नाहीतर साधी स्पेस. हे लिहितानाच लक्षात येतंय, की झालेली पानं धुण्यापेक्षा टिपणाचं एचटीएमएल करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच ही चाळणी बसवली तर पुन्हा कधी बघायला नको. थांबा... बसवली. आठ ओळी लागल्या.

या गोंधळात दोन बारीक कामं फुकटात झाली. फोटोखालची ४-५ पिक्सेलची भुताटकी फट गेली. फोटो इनलाइन असल्यामुळे तो अक्षरांच्या बेसलाइनवर उभा होता आणि खाली लोंबणाऱ्या अक्षरांची जागा रिकामी दिसत होती, डिस्प्ले ब्लॉकने मिटलं. आणि प्रत्येक फोटोला विड्थ-हाइट हे गुण एचटीएमएलमध्येच लिहिले, त्यामुळे ब्राउझर फोटो येण्याआधीच जागा धरून ठेवतो. सीएलएस, म्हणजे उघडताना पान किती उड्या मारतं त्याचं माप, ०.३१ वरून ०.०४ वर आला. ०.१ च्या आत चांगला मानतात, तेव्हा मी त्या आकड्याकडे गरजेपेक्षा बराच वेळ बघत बसलो.

आता योजनेतला बदल. नोंद ८ मध्ये लिहिलेलं ‘सगळं ग्रिडवर’ मागे घेतो. बाहेर ग्रिड, पण कार्डाच्या आत फ्लोट परत आणतोय, आणि त्याचं कारण नुसतं प्रायश्चित्त नाही. मजकुराला चित्राच्या आकाराभोवती वळवणारं शेप-आउटसाइड फक्त फ्लोटवरच चालतं! पतंग पार्श्वभूमीतून कापून घेतला तर मजकूर चौकोनाला नाही, पंखाच्या कडेला वळसा घालून जाईल. ॲटलस पतंगावर करून पाहिलं. पुढच्या पंखाचं ते वाकडं, सापाच्या तोंडासारखं टोक आहे ना, त्याच्याखाली ओळी आत शिरतात आणि खाली पुन्हा बाहेर येतात. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. प्रतिसाद बेताचाच होता.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी फाइल नुसती डबल-क्लिक करून क्रोममध्ये उघडू नका. शेपसाठीचं चित्र सीओआरएसच्या (फाइल वापरायची परवानगी आहे का ते तपासणाऱ्या) नियमाने आणलं जातं, त्यामुळे थेट डिस्कवरून उघडलेल्या पानात काहीच होत नाही आणि आपण कोड चुकलाय असं समजून डोकं फोडतो. लोकल सर्व्हर लावा, म्हणजे आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवून त्यातून पान उघडा. कापलेल्या चित्राला मऊ सावली असेल तर शेप-इमेज-थ्रेशोल्ड ०.५ करा, नाहीतर सावलीचा पुसट पिक्सेलही शरीर धरला जातो. पारदर्शकता हवी म्हणून जेपेग बाद. पीएनजी १.१ एमबीची झाली, वेबपी १४० केबीत बसली. आणि ६०० पिक्सेलच्या खाली हा सगळा थाट बंद ठेवलाय. ३२८ च्या कॉलमात फोटोशेजारी जेमतेम तीन शब्द मावतात आणि कविता छापल्यासारखी दिसते.

सध्या अडलंय ते ३४ व्या कार्डाशी. अडेलिडी कुळातला लांब मिशांचा पतंग. मिशा शरीराच्या कितीतरी पट लांब, केसाएवढ्या बारीक. ब्राउझर त्यांनाही शरीरच समजतो, त्यामुळे वरच्या चार ओळी मिशीच्या टोकाला घाबरून लांब उभ्या आहेत. थ्रेशोल्डने फरक पडला नाही, मिशा ठळकच आहेत. पण शेपला दिलेलं चित्र आणि दिसणारं चित्र एकच असायला हवं असं काही नाही. तेव्हा त्याच मापाची दुसरी प्रत करून त्यातल्या मिशा खोडायला बसतोय.