हूक वर अडकवा लागते

आठवीला स्मरणचित्राचा तास होता. एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकलेची परीक्षा तोंडावर आलेली, आणि मेट्रो स्टेशन म्हटलं की पोरं एक गाडी नि फलाटावर चार माणसं काढून मोकळी होतात. म्हणून त्या दिवशी मी आधी प्रोजेक्टरवर स्टॉकहोमचं टी-सेंट्रालेन दाखवलं. तिथल्या मेट्रोचे तिन्ही मार्ग या एकाच स्थानकात भेटतात. निळ्या मार्गाचा फलाट जमिनीखाली खडक फोडून केलेला. १९७५ साली पेर ऑलोफ उल्टवेट या चित्रकाराने त्या ओबडधोबड छतावर, पांढऱ्या रंगावर निळ्या वेली चढवल्या. घाईतल्या माणसाला घटकाभर शांत वाटावं, म्हणून निळा. तिथेच एका भागात निळ्या छायाकृती आहेत. नुसत्या आकृत्या, चेहरे नाहीत.

"ही माणसं कोण?" मी विचारलं.

"प्रवासी!" सगळा वर्ग एका सुरात.

मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला. "नाही सर. हे कामावरचे लोकं आहेत."

बरोबर होतं. स्थानक उभारणारे सुतार, वेल्डर, इंजिनिअर चित्रकाराने भिंतीवर ठेवले आहेत. तू कसं ओळखलंस, तर म्हणाला, "गाडीची वाट पाहणारा असा उभा नाही राहत."

त्याच्या वडिलांनी आपल्या नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजला सेंट्रिंगचं काम केलं होतं. तिथे नारंगी आणि अ‍ॅक्वा मार्ग एकमेकांवरून जातात. मार्च २०१९ मध्ये खापरीहून पहिली गाडी तिथवर आली, तेव्हा मीही हौसेने बसून आलो होतो. ते खांब कोणी ओतले, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आपल्याकडे कोनशिलेवर उद्‌घाटकाचं नाव असतं, खांब ओतणाऱ्याचं नसतं. मला ते खुपतं.

त्याने गाडी काढलीच नाही. कागदभर खांब, आणि खांबाला बिलगलेली सहा माणसं, सगळी प्रशियन ब्लूमध्ये. चार नंबरचा ब्रश, अंगठ्याने पुसलेल्या कडा. एकाचं कोपर रंग ओला असतानाच त्याने नखाने खरवडून काढलं होतं, त्यामुळे तेवढाच पांढरा कागद उन्हासारखा चमकत होता. वर्षानुवर्षं शिकवूनही मला असं कोपर काढता आलेलं नाही.

शाळा सुटली तरी तो रंगवतच होता. वडील न्यायला आले, पँटवर सिमेंटचे डाग. चित्राजवळ गेले, खूप वेळ पाहत राहिले. मला वाटलं, डोळे भरून येतील. त्यांनी कमरेजवळच्या एका रेघेवर बोट ठेवलं.

"बेल्टचा हूक खाली काढला बापू तू. वर अडकवा लागते, डोक्याच्या वर. खाली असला आणि माणूस सुटला, तर कमरेत झटका बसते." मग माझ्याकडे वळून, "सर, हे आता दुरुस्त करता येते काय?"

"येतं ना," मी म्हणालो, "पोस्टर कलर आहे."

पोराने ब्रश पाण्यात बुडवला. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. त्याला मी थांबायला सांगितलं.