पाच-दहा पेट्या

"मालक सव्वा खोका सांगतोय. लोनची तयारी असेल तर पाच-दहा पेट्या खाली आणतो." ठाण्यात फ्लॅट दाखवताना एजंट आज अगदी सहज बोलून गेला.

बाबा एकदम गप्प झाले. जिना उतरताना हळूच विचारलं, "पेटी म्हणजे लाख ना रे?"

हो. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. मुंबईत हे शब्द खंडणीच्या फोनवर चालायचे. मग २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर '५० खोके, एकदम ओके' घुमलं आणि गावागावातल्या पोरांच्या तोंडी बसलं.

एक खोका म्हणजे पाचशेच्या नोटांची २०० बंडलं. पण "खोका" म्हटलं की त्यातली एकही नोट दिसत नाही. बाबांना "पाच लाख" म्हटलं असतं, तर त्यांना पीएफ आठवला असता, आईने मोडलेली एफडी आठवली असती. "पाच पेट्या" नुसत्या इकडून तिकडे सरकवल्या जातात.

आमचे पैसे पगारातले, बँकेच्या हप्त्यातले, एकूण एक चेकने जाणारे. त्यांना खंडणीवाल्यांची भाषा का लावायची?

तुमच्याकडचे एजंट काय म्हणतात, लाख की पेटी?