भूक नसलेल्या माशासाठी

अटलांटिक सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणं सोडतो. अंडी घालायची वेळ येते हिवाळ्याच्या तोंडाशी, पण काही मासे वसंतातच नदीत येऊन बसतात. मधले सगळे महिने समुद्रात साठवलेल्या चरबीवर काढायचे. जठरसुद्धा आक्रसून जातं. आणि अशा या कडकडीत उपास धरलेल्या माशासमोर माणूस काय धरतो, तर खाऊ. तोही खोटा! गळावर रेशीम, केस आणि पिसं गुंडाळून केलेली फ्लाय. पोटावर चंदेरी जर, मानेभोवती निळी पिसं, शेपूट भगवी. असा किडा आजवर कुठल्याही नदीवर उडालेला नाही.

तरी मासा ती तोंडात घेतो. का घेतो, याची उत्तरं हवी तितकी मिळतात. कुणी म्हणतं, आपल्या जागेत कुणी घुसलं म्हणून तो चिडतो. कुणी म्हणतं, लहानपणी दोनतीन वर्षं याच नदीत किडे खाऊन वाढलेला असतो, ती सवय उसळी मारते. कुणी म्हणतं, निव्वळ कुतूहल, आणि चाचपून बघायला हात नाहीत म्हणून तोंड. मला हे तिसरं पटतं. पुरावा काही नाही, पण या विषयात तो कुणाकडेच नाही, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

ट्राउट मासे पकडणाऱ्यांचं तसं नसतं. आज पाण्यावर कुठला किडा निघालाय ते बघायचं, त्याची हुबेहूब नक्कल दोरीला लावायची. तिथे बरोबर उत्तर असतं, म्हणून चुकायची भीतीही असते. सॅमनच्या बाबतीत बरोबर उत्तरच नाही. त्यामुळे स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरचा मासेमारीचा आठवडा जवळ आला, की टेबलावर पिसांचा नि केसांचा जो पसारा मांडला जातो, त्याला आवर कसा तो राहत नाही.

सुरुवात मात्र शहाण्यासारखी होते, कारण आकाराबद्दल फारसे मतभेद नाहीत. पाणी थंड आणि भरलेलं असेल तर फ्लाय मोठी, जड, खोल जाणारी. दोन इंची पितळी नळीवर बांधलेली. पाणी साधारण दहा अंश सेल्सिअसच्या वर गेलं, पातळी उतरली, की लहान लहान होत जायचं, अगदी बारा नंबरच्या गळापर्यंत, आणि दोरी पाण्यावर तरंगती ठेवायची. स्कॉटलंडमधल्याच डी नदीवरच्या केर्नटनचे आर्थर वुड हे या तरंगत्या दोरीच्या पद्धतीचे मोठे नाव. त्यांचं म्हणणं असं, की नमुना कुठला याला फारसं महत्त्व नाही, आकार नेमका हवा. ब्लू चार्म, सिल्व्हर ब्लू अशा मोजक्या फ्लायवर ते भागवत. मला हे शंभर टक्के मान्य आहे. आकार, खोली आणि वेग एवढं जमलं तर बाकी सगळी हौस.

पण संध्याकाळी दिव्याखाली बसून कुणी वेग बांधत नाही. बांधतात रंग. मग सुरू होतं रंगांचं पुराण. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीतून येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं, त्यात नारिंगी आणि पिवळा उठून दिसतो. इथवर ठीक, समजण्यासारखं. पुढे मात्र सिद्धान्त सैल सुटतात. उन्हाच्या दिवशी उजळ फ्लाय आणि मळभ असेल तर काळपट, हे एक जुनं सूत्र. आणि याच्या अगदी उलट करून वर्षानुवर्षं मासे धरणारेही भेटतात. दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात. मी दोन्ही डबीत ठेवतो.

हौसेची कमाल बघायची तर एकोणिसाव्या शतकात जावं. १८९५ साली जॉर्ज केल्सन यांनी सॅमनच्या फ्लायवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातल्या पाककृती (दुसरा शब्द सुचत नाही) वाचताना धाप लागते. जॉक स्कॉट या एका फ्लायच्या शेपटीला सोनेरी फेझंटचा तुरा, मागचं अर्धं पोट पिवळ्या रेशमाचं, पुढचं काळ्या, मध्ये टूकनची पिसं, आणि पंखात टर्की, मोर, रंगवलेला हंस, फ्लोरिकन, आणि बस्टर्ड, म्हणजे माळढोकाचे भाऊबंद. वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांचे तंतू एकमेकांत असे अडकवायचे, की एकच पीस वाटावं. आज या फ्लाय बहुतेक काचेच्या चौकटीत असतात. रुखवतातल्या लाडवांसारख्या, बघण्यापुरत्या. त्या सुंदर आहेत यात वादच नाही. पण माशाला फ्लोरिकन आणि टर्की यांतला फरक कळतो, हे मला कुणी पटवू शकलेलं नाही.

या कृतींमध्ये एक पीस सारखं भेटतं, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. भारतीय द्वीपकल्पातल्या जंगलांचा हा रहिवासी. त्याच्या मानेच्या पिसावर मेणासारखा चकचकीत, पिवळट पांढरा ठिपका असतो. फ्लायच्या डोक्याशी तो बसवला की डोळा होतो. आता ही पिसं पाळलेल्या पक्ष्यांची मिळतात, आणि महाग असतात. दुर्मीळ पिसांचा मोह मात्र गेलेला नाही. २००९ साली लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका तरुणाने इंग्लंडमधल्याच ट्रिंगच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात खिडकी फोडून शिरून पक्ष्यांची २९९ कातडी पळवली. त्यांतली काही एकोणिसाव्या शतकातले निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेली होती. हा तरुण सॅमनच्या जुन्या पद्धतीच्या फ्लाय बांधण्यात तरबेज होता. उपाशी माशाच्या नावावर माणसाची भूक कुठवर जाते बघा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मेगन बॉइड. उत्तर स्कॉटलंडमध्ये ब्रोराजवळच्या एका छोट्या घरात या बाईंनी जवळजवळ आयुष्यभर फ्लाय बांधल्या. त्यांच्या फ्लायसाठी लोक ताटकळत, त्यांत तेव्हाचे युवराज चार्ल्सही होते. ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं तेव्हा त्या समारंभाला गेल्या नाहीत, कारण कुत्र्याला सांभाळायला कुणी नव्हतं. आणि त्यांनी स्वतः कधी मासेमारी केली नाही. सॅमनच्या मनात काय चाललंय याबद्दल एकही सिद्धान्त न मांडता इतक्या फ्लाय बांधणारं दुसरं कुणी नसावं. म्हणूनच त्यांची बोटं इतकी स्थिर राहिली असतील, असा माझा अंदाज.

मी बांधतो ती ॲलीज श्रिंप. ॲलिस्टर गोवन्स यांची ही फ्लाय १९८०च्या दशकातली, म्हणजे या जगात अगदी कालची. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, गळ घट्ट बसवायचा. टोकाजवळचे उलटे काटे चपटे केलेला, कारण आता मासा बहुतेक परतच सोडायचा असतो. नारिंगी केसांची लांब शेपूट, मागचं अर्धं पोट लाल, पुढचं काळं, वरून चंदेरी जरीचे वेढे. मग खारीचे करडे केस, सोनेरी फेझंटची काळ्या टोकांची पिसं, मानेला नारिंगी पिसाचा वेढा आणि डोक्यावर लाल वार्निश. अवघड भाग केसांचा. दोऱ्याचा ताण जरा कमी पडला तर ते गळाभोवती फिरतात, जरा जास्त पडला तर चौफेर फिसकटतात. शिवाय चिमूट नेहमी हवी त्यापेक्षा मोठी उचलली जाते. पातळ बांधलेली फ्लाय पाण्यात हलते, जाड बांधलेली नुसती ओढली जाते. वरचे निम्मे केस काढून टाकायचा धीर यायला वेळ लागतो.

शेपूट किती लांब, हा वाद अजून उघडा आहे, आणि नदीवर गेल्यावरही तो मिटत नाही. सोय एवढीच, की स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे. शनिवारी संध्याकाळी मासा मिळालेला असो वा नसो, प्रत्येकाकडे एक ताजा सिद्धान्त असतो, आणि रविवारी काठ्या भिंतीला टेकवून सगळे पुन्हा व्हाइसपाशी बसतात.