तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ती जनुकं यजमानाकडूनच आली होती ना?’

परजीवी बुरशीने यजमान बुरशीची जनुकं उचलली, असं मी एकदा भर सेमिनारमध्ये सांगितलं होतं आणि महिन्याभरात ते मागेही घेतलं. लोकांच्या लक्षात फक्त सेमिनार राहिलाय. दर भेटीत तोच प्रश्न येतो, म्हणून एकदाच नीट सांगते.

आमची परजीवी बुरशी, पिप्टोसेफॅलिस, जिवंत यजमानाशिवाय वाढत नाही. ती म्युकर या यजमान बुरशीच्या तंतूंवरच वाढवायची, बीजाणू अलगद टिपायचे आणि त्यांतून डीएनए काढायचा. दोघांची ताटातूट पुरती होत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तिच्या जीनोममध्ये म्युकरशी जुळणारी अकरा जनुकं दिसली तेव्हा मी हरखून गेले. जुळणी जवळजवळ शंभर टक्के. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती, कारण जनुकं फार पूर्वी आली असती तर एवढ्या पिढ्यांत डीएनएची अक्षरं बदलली असती. मी मात्र ठरवून टाकलं की ती अगदी अलीकडे आली असणार.

सेमिनारमध्ये मागच्या रांगेतून एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, डीएनएच्या या तुकड्यांचं कव्हरेज किती आहे?”

“ते सगळं तपासलंय,” मी म्हणाले.

तपासलं नव्हतं. वंशवृक्ष तीनदा काढला होता, पण कव्हरेज, म्हणजे कोणता तुकडा किती वेळा वाचला गेला, ते पाहिलंच नव्हतं. त्या रात्री लॅबमध्येच बसले. परजीवीचे तुकडे सरासरी नव्वद वेळा वाचले गेले होते. ही अकरा जनुकं ज्या तुकड्यांवर होती, ते चार-पाच वेळा. त्यांतल्या एकावरही शेजारी परजीवीचं स्वतःचं जनुक नव्हतं. बीजाणू टिपताना म्युकरचे तंतू सोबत आले होते, बाकी काही नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. सकाळी तिला सांगितलं. “मग आता काय लिहू?” एवढंच तिने विचारलं. त्या मुलाची माफी मागायला मला चार महिने लागले. तो उशीर अजून बोचतो.

असं इतरांचंही झालंय. 2015 मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोमचा सुमारे सहावा हिस्सा परका असल्याचं छापून आलं आणि त्यातला बहुतेक भाग भेसळ असल्याचं लवकरच दुसऱ्या गटाने दाखवलं. हे सांगताना मी स्वतःला सावरून घेते आहे, तेही मला कळतं.

“म्हणजे सगळं खोटंच?” असं लगेच विचारू नका. 1993 मध्ये पॅरासिटेला या परजीवी बुरशीतून तिच्या यजमानाकडे, अ‍ॅब्सिडियाकडे, जनुकं गेल्याचं प्रयोगाने दाखवलं गेलं. तिथे दोघांच्या पेशी एकमेकींत मिसळतात, परजीवीची केंद्रकं यजमानात उतरतात. दिशा पाहिलीत? परजीवीकडून यजमानाकडे. उलट दिशेचा मोठा दाखला ट्रायकोडर्मा या बुरशीचा. वनस्पतींच्या पेशीभित्तिका पचवणारी तिची सुमारे निम्मी जनुकं इतर बुरशींकडून आली असावीत, आणि त्या बुरशी ती खाते, असा निष्कर्ष 2018 मध्ये निघाला.

तेव्हाची मी म्हणायची, परजीवी यजमानाच्या तंतूत शिरलेली असते, मग जनुकं येणार नाहीत तर काय? पण शिरणं आणि मिसळणं वेगळं. पिप्टोसेफॅलिसची शोषकांगं यजमानाच्या तंतूत घुसतात, पण मध्ये यजमानाच्या पेशीचं पटल उरतंच. ते पटल कधीच फाटत नाही का, हा माझा तेव्हाचा प्रतिप्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या अकरांबाहेरचं एक जनुक मात्र अजून टिकून आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना परजीवीचीच जनुकं आहेत, एका दमात वाचलेले डीएनएचे लांब पट्टे (रीड्स) या जनुकाचा शेजाऱ्यांशी असलेला सांधा ओलांडून जातात, कव्हरेजही बरोबर आहे. वंशवृक्षात ते म्युकरच्या गटात बसतं. पण दोघांच्या पूर्वजाकडे ते आधीपासून असेल आणि मधल्या वंशांनी गमावलं असेल, तरी वृक्ष असाच दिसू शकतो. मधल्या जातींचे जीनोम अजून पुरेसे नाहीत. ते येईपर्यंत मी ‘हो’ म्हणणार नाही आणि ‘नाही’ही म्हणवत नाही.