तुम्ही विचारलंत म्हणून: रोज भाकरी थापायचा उत्साह येतो कुठून?

घरी जेवायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. "दिवसभर बँकेत मान मोडून काम करता आणि घरी आल्या आल्या परात ओढता. तेही रोज. कंटाळा येत नाही? एवढा उत्साह येतो कुठून?" पानावर बसून याचं उत्तर नीट देता येत नाही, कारण समोर गरम भाकरी असते आणि ती निवू द्यायची नसते. म्हणून आज सविस्तर सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. रात्री ज्वारीची भाकरी नसली तर तिला जेवल्यासारखं वाटत नाही. बायको कामावरून साडेआठला पोचते, मी सहाला. तेव्हा परात माझ्याकडे आली. पहिले पंधरा-वीस दिवस मी ते काम नुसतं उरकत होतो. कानात इअरफोन, बातम्या चालू, हात पिठात. भाकरी काठाला फाटायची, उचलताना तुटायची. आई ते तुकडे दुधात कुस्करून मुकाट खायची. तिचं ते मुकाट खाणं मला फार लागलं.

एका संध्याकाळी ती गळ्यात हात अडकवून स्वयंपाकघरात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आधी ते कानातलं काढ. पिठाकडं बघ. रोजचं पीठ येगळं असतंय रं."

तोवर मला पीठ म्हणजे पीठ एवढंच माहीत होतं. तिनं चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि चोळायला लावलं. "विरी गेलीय ह्याची. किती दिवसांचं दळण?" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, धरून ठेवायची ताकद. मी आठवून पाहिलं, महिना होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी दोन किलो ज्वारी ताजी दळून आणली आणि त्या पिठानं हाताखाली जी ओढ धरली, ती मी पहिल्यांदा अनुभवली. तेव्हापासून मी एका वेळी दोन किलोच्या वर दळत नाही.

मग कारणं शोधायची गोडी लागली. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. ज्वारीत ते नाहीच. म्हणून पाणी कढत लागतं: त्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि तोच भाकरीला बांधून ठेवतो. पण पाणी किती, हे कुणी सांगू शकत नाही. पावसाळ्यात डब्यातल्या पिठालाच दमटपणा असतो, एप्रिलमध्ये तेच पीठ पाणी पीतच राहतं. मी अजूनही शेवटचं पाणी चमच्यानं घालतो.

मळताना मनगटाच्या वरचा, तळव्याचा जाड भाग वापरायचा आणि गोळा परातीला घासून पुढं रेटायचा. थापताना जोर लावायचा नाही. हात बरोबर पडला की भाकरी आपोआप गोल फिरते, ती फिरवावी लागत नाही. ते फिरणं पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बायकोला हाक मारून बोलावलं होतं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर लगेच पाण्याचा हात. ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर पृष्ठभाग तडकतो, तडकलेल्या जागेतून वाफ निघून जाते आणि पापुद्रा सुटत नाही. हा क्षण चार-पाच सेकंदांचा असतो. तो गाठायचा तर डोळे तव्यावरच लागतात. बँकेतले उत्तर द्यायचे राहिलेले पावणेदोनशे ई-मेल त्या वेळी डोक्यात नसतात. दिवसातला तेवढाच वेळ माझं मन पूर्णपणे एका जागी असतं.

ज्वारीही आता विचारपूर्वक घेतो. आईचं माहेर मंगळवेढ्याचं. ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जाणारा हा भाग. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं लोकांना खुली केली ती कथाही इथलीच. तिथल्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बीचं हे पीक काळ्या, खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर येतं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा आमच्या ऑफिसात ज्वारीच्या बिस्किटांचे पुडे फिरले. चांगलंच झालं. पण शाळूच्या, म्हणजे या रब्बी ज्वारीच्या, ताज्या पिठाची भाकरी फुगून पापुद्रा सुटतो आणि त्यातून जो वास येतो, तो पुड्यात भरता येत नाही.

छंदाचंही सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात तो उत्साह छंदासाठीच हवा असतो. तिशीत मी बासरी घेतली होती. सुंदर बासरी, सोबत मखमली पिशवी. "आधी हौस वाटू दे, मग बसू" असं म्हणत ती अकरा वर्षं कपाटात राहिली. भाकरीला मात्र रोज रात्री आठला कुणीतरी भुकेलं वाट बघत असायचं, त्यामुळं हौस असो-नसो, हात पिठात जायचाच. गोडी त्या जाण्यातून लागली. हे ध्यानात आल्यावर मी बासरी बाहेर काढली. रोज सकाळी दहा मिनिटं, फक्त सा. फुंक कुठं फुटते एवढंच ऐकतो. अजून एक साधं भजनही नीट वाजत नाही, पण सकाळी उठताना हात तिकडं जातो.

कंटाळा येत नाही असं नाही. मार्चअखेरीला घरी यायला दहा वाजतात, तेव्हा बायको भात लावते आणि मी आनंदानं खातो. पण दोन दिवस खंड पडला की तळहात काहीतरी शोधायला लागतात.

आई आता 84 वर्षांची आहे. मनगट जुळलं, तरी पूर्वीचा जोर आला नाही. संध्याकाळी ती आतल्या खोलीत पलंगावर असते, परात तिला दिसत नाही. तिला थापण्याचा आवाज पुरतो. कालच आतून विचारलं, "आज पाणी कमी पडलं व्हय रं?" खरंच कमी पडलं होतं. काल नव्या ज्वारीचं पहिलं दळण होतं. आज दोन चमचे जास्त घालून बघणार आहे.