डिस्कोचे कपडे

शुक्रवारी लेकीच्या शाळेत डिस्को आहे. शाळेच्याच हॉलमध्ये दीड तास गाणी लावतात, मुलं नाचतात, पालक सरबत विकतात. इंग्लंडमध्ये, रेडिंगमधल्या तिच्या या शाळेत एरवी गणवेशाचा नियम कडक, पीटीच्या तासाला कानातले खडेसुद्धा काढून ठेवायला लावतात. त्यामुळे नटायची सगळी हौस या दीड तासावर.

शनिवारी कपडे घ्यायला गेलो. लेक आठ वर्षांची. मुलींच्या विभागात शिरले आणि वाटलं, चुकून बायकांच्या कपड्यांत आलो. चामड्यासारखा चकाकणारा आखूड स्कर्ट, खांदे आणि पोट उघडं टाकणारा टॉप. लेबलवर ‘७-८ वर्षे’. खाली दोन बोटं टाचेचे चंदेरी बूट, नंबर बारा. इथे लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे ती टाच सहा-एक वर्षांच्या पोरीसाठी!

मग शेजारच्या विभागातून मुलग्यांची अर्धी चड्डी आणली, त्याच वयाची, आणि मुलींच्या चड्डीवर ठेवून पाहिली. मुलग्याची गुडघ्यापर्यंत, चार खिसे. मुलीची वीतभरही नाही, आणि खिशाच्या जागी नुसती शिलाई. वय एक, मापाची पट्टी एक, मग कापड का कमी? माझी मुलगी दिवसभर दांड्यांना उलटी लटकते, घरी येताना खडे आणि पिसं आणते. ती कुठे ठेवायची तिने? माझा राग अजून उतरलेला नाही.

शाळेच्या फाटकाशी एका इंग्रज आईला हे सांगितलं. तिची थोरली आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, हे आमच्या वेळेपासून चालू आहे. २०१० साली प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या दुकानसाखळीने सात वर्षांच्या मुलींसाठी पॅड लावलेली बिकिनी विकायला ठेवली होती. ओरड झाली, तेव्हा त्यांनी ती काढून घेतली आणि माफीही मागितली. पुढच्या वर्षी सरकारने मदर्स युनियन या ख्रिस्ती संस्थेचे प्रमुख रेज बेली यांच्याकडून या विषयावर अहवाल करून घेतला, आणि दुकानदारांच्या संघटनेने बारा वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पण त्या ऐच्छिक. कायदा नाही. तरी ती म्हणाली, ‘काउंटरवर जाऊन सांग, इथे ऐकतात.’

मी गेले. मॅनेजरने दोन्ही चड्ड्या पाहिल्या, लिहून घेतलं, वर कळवते म्हणाली. ‘मग घेऊ नका’ हे ऐकायची तयारी करून गेले होते, ते शब्द आलेच नाहीत. इथल्या माणसांचं मला हे फार आवडतं.

घरी लेकीने लिपस्टिक मागितली. नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘मग गणपतीत?’

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात ती लावणीवर नाचली होती. शिवलेली नऊवारी, नथ, खोपा, गडद ओठ. आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाहून दृष्ट काढली होती. मी लेकीला सांगितलं, ते वेगळं, ते आपलं आहे, नऊवारीत घोट्यापर्यंत अंग झाकलेलं असतं. आणि ते खरंच आहे. वर्षातला एक दिवस आणि दुकानात बारा महिने टांगलेला माल मी एका तागडीत तोलणार नाही. इथे जन्मलेल्या मुलीला नथ म्हणजे काय हे कळतं ते त्याच दिवशी.

पण त्या लावणीचे शब्द मोठ्या बाईच्या तोंडचे होते. एवढ्या लहान मुलीला त्यांचा अर्थ मी सांगू शकले नसते, म्हणून सांगितलाही नव्हता. गाणं मीच निवडलं होतं.

काल नाच बसवणाऱ्या ताईंना फोन केला, यंदा कोळीगीत घेऊ या का म्हणून. त्या म्हणाल्या, बाकीच्या आयांना विचारते. नऊवारी राहील, नथही राहील.

शुक्रवारसाठी मुलग्यांच्या विभागातली पिवळी चड्डी घेतली आहे. चारही खिसे तिने आत्ताच भरून पाहिले.