किनारा हजार मैलांवर असताना

शिडाच्या नौकेवर शवागार नसतं. मालवाहू जहाजावर निदान एखादी शीतखोली रिकामी करता येते. चौदा मीटरच्या नौकेवर साठ लिटरचा फ्रीज असतो आणि त्यात भाजी असते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात, २८ अंशांच्या उकाड्यात माणूस गेला की बहुतेक निर्णय पहिल्या दिवसातच घ्यावे लागतात.

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्माहून कॅरिबियनकडे निघालेली ब्रिटिश नोंदणीची नौका होती. आम्ही पाचजण, स्किपर म्हणजे कप्तान मी. साधारण १५ अंश उत्तर, ४२ अंश पश्चिम. बार्बाडोस हजार मैलांवर. मागे केप व्हर्दे बेटं जवळजवळ तेवढ्याच अंतरावर, पण तिकडे वळलं तर वारा थेट तोंडावर. पहाटेच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला आलेले साठीचे गृहस्थ विंच (दोर ताणायचं चाक) फिरवता फिरवता कोसळले. आदल्या रात्री त्यांचा जबडा दुखत होता आणि त्यांनी दातदुखीची गोळी घेतली होती, हे नंतर कळलं. जबड्याची दुखणी हृदयविकाराचीही असू शकते.

आधी नौका थांबवायची. मागच्या लाटेवर नौका डोलत असताना छातीवर दाब नीट बसत नाही. शिडं गुंडाळत न बसता जिब, म्हणजे पुढचं शीड, उलट्या बाजूला भरली, सुकाणू बांधलं, नौका हीव्ह-टू केली, म्हणजे जवळजवळ जागीच थांबवली. बंकच्या गादीवर सीपीआर देऊन उपयोग नसतो, गादीच दबते. कॉकपिटचा, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या जागेचा तळ कडक असतो, म्हणून तिथेच. तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगाने, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावण्याआधी छाती टॉवेलने कोरडी केली, कारण खाऱ्या पाण्यावर ते चिकटत नाहीत. यंत्राने शॉक द्यायला सांगितलं नाही.

दरम्यान एकाने सॅटेलाइट फोनवरून रोमचं सीआयआरएम गाठलं. समुद्रावरच्या कुठल्याही जहाजाला १९३५ पासून फुकट वैद्यकीय सल्ला देणारी ही संस्था आहे. चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, पण त्याआधी एकेक गोष्ट तपासून घेतली: पूर्ण मिनिटभर मानेची नाडी, श्वास, छातीला कान लावून ठोके, टॉर्चच्या उजेडात न हलणाऱ्या बाहुल्या. मृत्यूची वेळ डॉक्टर सांगतील ती. लॉगबुकात ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि नौकेच्या वेळेत, दोन्ही लिहायची. सोबत स्थान, कोण हजर होतं, काय उपचार केले. हे त्याच तासात लिहावं लागतं. दुसऱ्या दिवशी चार माणसांच्या चार वेळा होतात.

लगेच नौकेवरचं इंटरनेट बंद केलं. घरच्यांना ही बातमी कुणाच्या मेसेजमधून कळता कामा नये. ब्रिटनमधल्या फाल्मथच्या सागरी बचाव केंद्राला कळवलं आणि गेलेल्या माणसाच्या गावचे पोलीस घरी जाऊन सांगतील अशी व्यवस्था करायला सांगितलं.

देहाचं काम लांबवता येत नाही. ताठरपणा तीन-चार तासांत सुरू होतो, उकाड्यात त्याहून लवकर. कॉकपिटमध्ये दुमडलेल्या अवस्थेत शरीर आखडलं, तर ते कंपॅनियनवेच्या, म्हणजे आत उतरायच्या जिन्याच्या अरुंद पायऱ्यांवरून खाली नेता येत नाही. आधी फोटो: पडलेली जागा, चेहरा समोरून आणि दोन्ही बाजूंनी, पुढून-मागून पूर्ण शरीर, जुने व्रण, पासपोर्ट शेजारी धरून एक. सीपीआरमध्ये बरगड्यांवर वळ उठतात, त्यांचेही फोटो हवेत, नाहीतर पोलीस मारहाणीचा संशय घेऊ शकतात. मग हातमोजे घालून पापण्यांवर ओला कापूस, जबड्याला पट्टी, घोटे एकत्र, हात अंगासरसे, खाली शोषून घेणारे पॅड. डोकं थोडं उंच ठेवायचं, म्हणजे रक्त उतरून चेहरा काळवंडत नाही. बोटातली अंगठी आम्ही काढली नाही, फोटो काढून तशीच ठेवली. त्यांच्या गोळ्या आणि चष्मा पिशवीत सील केला, त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या.

ठेवायचं कुठे? सलूनमध्ये नाही, तिथे जिवंत माणसं जेवतात. आम्ही फोरपीकमध्ये, म्हणजे नौकेच्या नाकातल्या कोठीत, शिडांच्या पिशव्या हलवून, वरची हॅच उघडी ठेवून ठेवलं. वेंगुर्ल्याच्या डेकहँडने विचारलं, "दादा, डिंगीत, त्या छोट्या होडीत ठेवून मागे ओढत नेलं तर?" त्याचा हेतू चांगला होता, पण नाही. पहिल्याच मोठ्या लाटेत दोर तुटतो, आणि मग ना देह राहतो ना पुरावा. लाइफराफ्टला तर हात लावायचाच नाही, तो जिवंतांसाठी आहे.

मग हिशेब. शिडांवर दिवसाला दीडशे मैल, म्हणजे जवळजवळ सात दिवस. डिझेल अडीचशे लिटर, तासाला तीन लिटर, साडेपाच नॉट: साडेचारशे मैलांच्या पुढे इंजिन चालत नाही. एखादं व्यापारी जहाज वळवता आलं असतं, पण तीन मीटरच्या लाटांत जहाजाच्या पोलादी भिंतीला नौका लावून देह वर चढवणं म्हणजे डोलकाठी आणि आणखी एक माणूस पणाला लावणं. अशा उकाड्यात एक-दोन दिवसांतच पोटावर हिरवा डाग दिसू लागतो, पुढचं सगळं त्याच छोट्या बंद जागेत घडतं.

२०१५-१६ च्या क्लिपर या जगप्रदक्षिणेच्या नौका-शर्यतीत एकाच नौकेवर दोन मृत्यू झाले. पहिला पोर्तुगालजवळ, तेव्हा नौका पोर्टोला वळवली गेली. दुसरा भर पॅसिफिकमध्ये, तेव्हा अंत्यविधी समुद्रातच झाला. फरक अंतराचा होता. मात्र घातपाताचा जरा जरी संशय असेल, तर कितीही त्रास झाला तरी देह बंदरापर्यंत न्यायचा, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही त्या गृहस्थांच्या पत्नीशी बोललो. विचार करायला त्यांना रात्रभराचा वेळ दिला. समुद्रातच निरोप द्या, असं त्यांनी सांगितलं. ते लेखी मागवलं, डॉक्टरांचा आणि बचाव केंद्राचा ईमेलही मागवला. हे तिन्ही कागद हातात येईपर्यंत काहीही केलं नाही.

वजन कमी पडलं तर वायू धरून देह वर येतो. दहा मिलिमीटरची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या पुढे भरते. पंधरा मीटर कापली, म्हणजे साधारण पस्तीस किलो. ती कफनाच्या तळाशी नुसती सोडली तर कापड फाटून निघून जाते, म्हणून पट्ट्यांनी पायांना बांधून शॅकल, म्हणजे लोखंडी कड्या, लावल्या. कफन जुन्या जिबचं, सुई आणि पाम (तळहाताला बांधायचा चामडी पट्टा) घेऊन शिवलेलं. डॅक्रॉन, म्हणजे शिडाचं कापड, हवा धरून ठेवतं, तेव्हा त्याला ठिकठिकाणी चिरा दिल्या.

इंजिन बंद, प्रोपेलर थांबलेला, छोट्या जिबवर नौका दोन नॉटने पुढे सरकत ठेवली. मागच्या प्लॅटफॉर्मवरून, बंकच्या फळीवर, पाय आधी. नौका पुढे जात असली की देह सुकाणूच्या पात्याखाली सापडत नाही. चौघेही हार्नेसला अडकवलेले, कारण ओल्या प्लॅटफॉर्मवर दुसरा अपघात व्हायला क्षण लागत नाही. पत्नीने पाठवलेली प्रार्थना वाचली. मग वेळ, स्थान, नकाशावरची खोली आणि चौघांच्या सह्या.

वॉचही बदलावे लागले: प्रत्येकी तीन तास एकट्याने. ज्याने सर्वांत जास्त वेळ सीपीआर दिला, त्याला पहिली रात्र पूर्ण मोकळी ठेवली.

बंदरात आरोग्य तपासणी मागणारा पिवळा झेंडा लावला आणि कुणालाही उतरू दिलं नाही. आरोग्य अधिकारी, पोलीस, मग दूतावासाचा माणूस. पोलिसांनी चौघांचे जबाब वेगवेगळे घेतले. ते लॉगबुकाशी जुळले, म्हणून दुपारपर्यंत सुटलो. वस्तूंची यादी दोन प्रतींत दिली. या कागदांवर घरच्यांचा मृत्यूचा दाखला, विमा, पेन्शन सगळं अवलंबून असतं. भारतात ना देह, ना भक्कम पुरावा अशी स्थिती असेल, तर बेपत्ता माणसाला कायद्याने मृत धरायला सात वर्षं जावी लागतात. खलाशांच्या घरांना हे नीट ठाऊक आहे.

लांबच्या सफरीला निघणाऱ्या नौकेने एक बॉडी बॅग ठेवावीच. गादीखाली घडी करून मावते. तिच्यासोबत शोषक पॅड, हातमोज्यांचा पूर्ण डबा, आणि प्रत्येक खलाशाने स्वतः लिहून दिलेलं बंद पाकीट: आजार, चालू औषधं, कुणाला कळवायचं, आणि समुद्रात अंत्यविधी चालेल की नाही.